सामान आहे, पण सापडत नाही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत दरवर्षी संतसाहित्य, इतिहास, नाटक अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या निवृत्त मेंटेनन्सवाल्याला उभे केले आहे. मी म्हटले, ‘मला काय येते? बंद पडलेले मशिन चालू करणे, एवढेच.’ त्यावर चिटणीस म्हणाले, ‘मग तेच सांगा. आपल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी दालमिलमध्ये, साखर कारखान्यात नाहीतर सिमेंटमध्ये आहेच.’ तेव्हा आज मी सुट्या भागांविषयी, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘सामान’ म्हणतो त्याविषयी बोलणार आहे.

विषय रुक्ष वाटेल, म्हणून आधी स्वयंपाकघरातून सुरुवात करतो. गौरीजेवणाचा दिवस. पुरणाची डाळ शिजवायला कुकर लावला आणि शिटीच होईना. रिंग सैल झालेली. नवी रिंग घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक. कुठे ठेवली आहे हे फक्त सासूबाईंना ठाऊक, आणि त्या देवळात गेलेल्या. रिंग बसवायला अर्धे मिनिट लागते. शोधायला पाऊण तास जातो. आणि शेवटी सापडते ती तीन लिटरच्या कुकरची. आपला कुकर पाच लिटरचा!

भगिनी हसताहेत, म्हणजे अनुभव नवा नाही. कारखान्यातही नेमके हेच घडते. फरक एवढाच की तिथे जेवायला बसलेली पंगत दहा-वीस माणसांची नसते.

आता एका रात्रीची हकिकत सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सीमाभागातल्या एका साखर कारखान्यात मी शिफ्टचा इंजिनिअर होतो. जानेवारी महिना, गाळप जोरात. रात्री दहाच्या सुमारास उसाचा कॅरिअर थांबला. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला तर बरा. पुढे तो वाळतो, वजन घटते आणि साखरही उतरते. गाडीवान शेकोट्या पेटवून बसलेले, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न: ‘साहेब, कधी सुरू होणार?’

अकरा वाजेपर्यंत दोष कळला. शाफ्टचे एका बाजूचे बेअरिंग गेले होते. फिटर आणि हेल्पर यांनी जुने बेअरिंग काढायला घेतले आणि साडेबाराला काढलेही. स्टोअरची किल्ली आमच्या स्टोअरकीपरकडे. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांना गावातून मोटारसायकलवर आणले. मामांनी आणि मी कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली रॅक धुंडाळले. दोनच्या सुमारास खोके सापडले. नंबर २२२२०. आम्ही आनंदाने धावत गेलो. बसवायला गेलो तर ते बसेना.

का बसेना, हे थोडे समजावून सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. बेअरिंगच्या नंबरात बरेच काही लिहिलेले असते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो; म्हणजे २२२२० चे भोक १०० मिलिमीटरचे. (हा हिशेब ०४ पासून पुढच्या नंबरांना लागू पडतो.) पण नंबरापुढे येणारे अक्षरही तितकेच महत्त्वाचे असते. पुढे ‘के’ असेल तर भोक सरळ नसून किंचित निमुळते असते, आणि ते बेअरिंग शाफ्टवर थेट न बसवता मध्ये एक निमुळती बाही, म्हणजे स्लीव्ह, घालून आवळतात. आमचा शाफ्ट ९० मिलिमीटरचा, स्लीव्हवाला. आम्हाला हवे होते ‘२२२२० के’. हातात होते नुसते २२२२०. एका अक्षराचा फरक.

पहाटे तीनला जीप सोलापूरला निघाली. सहाला पोचली. दुकान उघडले दहाला. बेअरिंग आणि स्लीव्ह घेऊन जीप परतली दुपारी दीडला. तीन वाजता कॅरिअर फिरला. एकूण सतरा तास.

दुसऱ्या दिवशी मी वहीत हिशेब मांडला. दोष शोधायला एक तास, जुने काढायला दीड, नवे बसवायला दीड. हाताला काम होते ते चार तास. बाकीचे तेरा तास किल्लीची वाट, सामानाचा शोध, जीपची वाट आणि दुकानाचे शटर उघडण्याची वाट. वर्तमानपत्राच्या भाषेत ‘यांत्रिक बिघाडामुळे गाळप सतरा तास बंद’. खरे म्हणजे यंत्राने चार तास घेतले. तेरा तास आम्ही घेतले.

दुरुस्तीचा वेळ कमी करायचा म्हटले की आपण फिटरच्या मागे लागतो. ‘लवकर कर रे, हात उचल.’ फिटरने दीड तासाचे काम सव्वा तासात केले, तर वाचतात पंधरा मिनिटे. वेळ जातो तो पान्याशी नव्हे, स्टोअरच्या दारात. ज्याला दुरुस्ती लवकर व्हायला हवी त्याने पहिल्यांदा स्टोअर पाहावे.

याचा उत्पादनावर किती परिणाम होतो? समजा एखादे मशिन सरासरी शंभर तास चालले की एकदा बंद पडते आणि दुरुस्तीला दहा तास लागतात. म्हणजे एकशे दहा तासांपैकी शंभर तास काम. सुमारे ९१ टक्के. आता मशिन तेच, बंद पडण्याची खोड तीच. पण सामान हाताशी असल्याने दुरुस्ती पाच तासांत होते. हिशेब होतो ९५ टक्के. नवे मशिन न घेता, कोणाला जादा राबवून न घेता, चार टक्के वेळ परत मिळाला.

त्या रात्रीची हकिकत अजून संपलेली नाही, पण शेवट नंतर सांगतो. आधी आपल्या भागाकडे पाहू.

आपले बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे बाजारापासून दूर आहेत आणि एकाच वेळी तीन बाजारांच्या मध्ये आहेत. कलबुर्गीहून सोलापूर सुमारे ११० किलोमीटर, हैदराबाद सुमारे २२०. बिदरहून हैदराबाद सुमारे १४०. साधे बेअरिंग, पट्टा, ऑइल सील गावात मिळते. जरा वेगळे काही लागले की सोलापूर नाहीतर हैदराबादचे राणीगंज. तिथेही नसले तर पुणे-मुंबई. दुकानदार हसून म्हणतो, ‘इल्ला सर, नाळे बर्री.’ आज नाही, उद्या या. त्या एका ‘नाळे’मध्ये मिलचा एक दिवस जातो.

हे आजचे नाही. मुंबईहून आलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला आणि गुलबर्गा त्या वाटेवर आले. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादचा फाटा निघाला. पुढे गुलबर्ग्यात कापडाची गिरणी उभी राहिली, जिच्यामुळे आजही आपण ‘एमएसके मिल’ हा पत्ता सांगतो. त्या काळच्या कापडगिरण्यांची यंत्रे विलायतेची. भाग तुटला तर तो बोटीने यायचा, म्हणून मोठ्या गिरण्या स्वतःचे वर्कशॉप बाळगत. लेथवर शाफ्ट उतरवायचे, ओतकाम करायचे. लांबचा बाजार हे त्यांनी गृहीतच धरले होते आणि त्याप्रमाणे तयारी ठेवली होती.

पुढे १९५६ मध्ये राज्ये बदलली, पण बाजाराच्या वाटा बदलल्या नाहीत. आपण कर्नाटकात, दुकाने सोलापूर-लातूरला आणि हैदराबादला. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी येईपर्यंत राज्याची हद्द ओलांडून सामान आणायचे तर कागदपत्रे आणि चेकपोस्ट असायचे. आता ते सोपे झाले. त्याच वर्षी बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. कुरिअर आले, फोनवर फोटो पाठवून भाग मागवता येतो. पण फोटोतून ‘के’ दिसत नाही आणि मध्यरात्री शटर उघडत नाही. अंतर कमी झाले, संपले नाही.

आपल्याकडची कामेही अशी की थांबलेली परवडत नाहीत. कलबुर्गीच्या तुरीचे नाव देशभर आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत येते आणि दालमिलची धांदल त्यानंतरच्या चार महिन्यांत. साफ करणे, एमरीच्या रोलरवर घासणे, तेलपाणी लावणे, वाळवणे, सोलणे, भरडणे, चाळणे ही सगळी साखळी. मधला एक एलिव्हेटर बंद पडला तर अलीकडचे आणि पलीकडचे सगळे थांबते. हमाल पोत्यांवर बसून राहतात, आणि ज्याची मजुरी पोत्यावर त्याला त्या दिवशी काहीच नाही. मालकाचा तोटा वहीत दिसतो. हमालाचा तोटा कुठल्याही वहीत लिहिला जात नाही.

बिदर जिल्ह्यात हल्लीखेड, जनवाडा, हुंजी या परिसरात साखर कारखाने उभे राहिले. तिथे हंगामाचे दिवस मोजके. वाडी, सेडम, मळखेड या बाजूला सिमेंट. त्या भट्टीत माल साडेचौदाशे अंशांपर्यंत तापतो. भट्टी थांबली की आतल्या विटा थंड होतात, आणि पुन्हा तापवायची तर हळूहळू. घाई केली तर विटा तडकतात. म्हणजे दोन तासांच्या दुरुस्तीला दोन दिवस लागू शकतात.

मग करायचे काय? ‘सगळेच सामान भरून ठेवा’ हे उत्तर नव्हे. पैसा अडकतो आणि स्टोअरचे भंगार होते. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या मशिनचे भाग अजून जपून ठेवलेली स्टोअरे मी पाहिली आहेत. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, ‘जपानी लोक साठाच ठेवत नाहीत, वेळेवर मागवतात.’ ते कच्च्या मालाचे बोलतात. रोज किती लागणार हे जिथे माहीत असते तिथे ती रीत चालते. तरीही १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या आयसिन कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकची एक छोटी झडप बनत असे. टोयोटाकडे त्या झडपांचा साठा काही तासांपुरताच होता, आणि देशातल्या तिच्या बहुतेक असेंब्ली लाइन काही दिवस थांबल्या. रोज लागणाऱ्या भागाची ही कथा. मग कधी मोडेल ते सांगता येत नाही अशा भागाचे काय?

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. दालमिलवाल्यालाही करता येतील, संगणक नसला तरी चालेल.

पहिली गोष्ट, नाव. प्रत्येक भागाला एकच नाव आणि पूर्ण नंबर. ‘कॅरिअरचे मोठे बेअरिंग’ हे नाव नव्हे. नंबर, पुढची अक्षरे, कोणत्या मशिनला कुठे बसते, हे सगळे लिहायचे. पट्टा असेल तर ‘बी ६८’ असे लिहायचे. बी हा छेद आणि ६८ ही इंचांतली लांबी. जुना भाग काढला की त्यावरचा नंबर पुसून, वाचून, वहीशी ताडून पाहायचा. मशिनवर रंगाने नंबर लिहिलेला असला तर रात्री दोन वाजताही चूक होत नाही.

दुसरी गोष्ट, निवड. मोठ्या कारखान्यांत भागांची तीन प्रकारांत वाटणी करतात: ज्याच्याविना सगळेच थांबते तो, ज्याच्याविना काम रखडते तो, आणि ज्याच्याविना चार दिवस निभते तो. किंमत पाहून ही वाटणी करू नका. दोनशे रुपयांचे ऑइल सील पहिल्या प्रकारात असू शकते आणि पन्नास हजारांची मोटर तिसऱ्यात. प्रत्येक भागासाठी तीन प्रश्न विचारायचे: हा गेला तर काय थांबते? हा आणायला किती वेळ लागतो? आणि तोवर दुसऱ्या कशाने भागते का? पहिल्याचे उत्तर ‘सगळे’, दुसऱ्याचे ‘आठवडा’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर तो भाग उद्या सकाळी मागवा.

तिसरी गोष्ट, संख्या. इथे बहुतेकांची चूक होते. समजा मिलमध्ये एकाच नंबरची वीस बेअरिंगे आहेत आणि वर्षाला त्यांतली सरासरी आठ जातात. मागवल्यापासून यायला दीड महिना लागतो. म्हणजे त्या दीड महिन्यात सरासरी एक लागणार. आपण म्हणतो, एक ठेवू. पण बिघाड सरासरी पाहून येत नाहीत. कधी एकही जात नाही, कधी तीन जातात. संभाव्यतेचे गणित सांगते की एकच ठेवले तर साधारण चारांतून एकदा आपण फसतो. दोन ठेवली तर शंभरांत आठदा. तीन ठेवली तर शंभरांत दोनदा. एकाची तीन केली की धोका इतका उतरतो. चौथ्या-पाचव्याने मात्र फारसे काही मिळत नाही. तिथे हात आखडावा.

चौथी गोष्ट, जागा आणि निगा. सामान असणे आणि कामाचे असणे वेगळे. बेअरिंग मूळ वेष्टनात, आडवे, कोरड्या जागी ठेवावे. ‘बघू कसे आहे’ म्हणून खोलून ठेवू नये. रबरी पट्टे उन्हापासून लांब, आणि बारीक खिळ्याला टांगू नयेत. ऑइल सीलचे रबर नुसते ठेवूनही कडक होते, म्हणून आधी आलेले आधी वापरायचे. राखीव मोटरचा शाफ्ट महिन्यातून एकदा हाताने फिरवून ठेवायचा, नाहीतर बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी बसून खड्डे पाडतात. आणि लावण्यापूर्वी मेगर लावून वायंडिंग तपासायचे. आणखी एक. बाप्पाच्या वाहनाला रबर आणि केबल फार आवडते. उत्सवात मोदक द्या, पण स्टोअरमध्ये पिंजरा ठेवा.

आता एक अडचण उरते. लहान मिलवाला म्हणेल, ‘साहेब, बेअरिंग ठीक. पण दोन लाखांचा गिअरबॉक्स मी कसा ठेवू?’ बरोबर आहे. हिशेब करू. पैशाचे व्याज, जागा, निगा धरून वर्षाला वीस टक्के खर्च समजा. म्हणजे दोन लाखांच्या भागाचे वर्षाला चाळीस हजार. तो गिअरबॉक्स दहा वर्षांत एकदा जातो, आणि गेला की मिल पाच दिवस बंद. दिवसाला दहा तास, तासाला तीन हजारांचा तोटा धरला तर दीड लाख; वर्षाला वाटून पंधरा हजार. पंधरा हजार वाचवायला चाळीस हजार कोण घालवील? ठेवू नये हेच बरोबर.

पण शेजारी तशाच चार मिल असतील तर? चौघांनी मिळून एक ठेवला, तर प्रत्येकाला वर्षाला दहा हजार. पंधरा हजारांचा धोका दहा हजारांत टळतो. एकट्याला न परवडणारी गोष्ट चौघांना परवडली. चौघांचे गिअरबॉक्स एकाच आठवड्यात जाण्याची शक्यता अगदी थोडी.

आपल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघांनी सावड केली की दोघांचीही पेरणी होते. माझे म्हणणे इतकेच, की सुट्या भागांचीही सावड करावी. साखर कारखान्यांतले लोक अडीअडचणीला एकमेकांकडून भाग उसना आणतात, हे मी स्वतः केले आहे; पण ते ओळखीवर चालते. अमका चीफ इंजिनिअर बदलला की ओळख संपली. त्यापेक्षा एक साधी यादी करावी: कोणाकडे कोणता महाग भाग, कोणत्या नंबरचा, नेला तर किती दिवसांत परत, मोडला तर कोणाचा खर्च. एका पानावर मावेल एवढा करार. कपनूरच्या औद्योगिक वसाहतीत असो की बिदरच्या कोळहारला, शेजारी शेजारी असलेल्यांना हे जमण्यासारखे आहे. व्यवसायात स्पर्धा असेल, पण माझा एलिव्हेटर बंद पडल्याने शेजाऱ्याची तूर महाग विकली जात नाही.

आणि आता त्या रात्रीचा शेवट.

व्यवस्थापनाने चौकशी केली. सतरा तास गाळप बंद, कारण स्टोअरमध्ये योग्य बेअरिंग नव्हते. मेमो मामांना मिळाला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि काही बोलले नाहीत.

हंगाम संपल्यावर आम्ही स्टोअरची पूर्ण मोजणी केली. खालच्या एका रॅकमध्ये, मागच्या बाजूला, दोन खोकी मिळाली. ‘२२२२० के’, स्लीव्हसकट. दोन वर्षांपूर्वी आलेली. वहीत नोंद होती: ‘कॅरिअर बेअरिंग, मोठे, २ नग’. मामांनी ती नोंद तशी का केली? कारण मागणीपत्रावर तेच लिहिलेले होते. आणि त्या मागणीपत्रावर सही माझी होती.

मी दुरुस्तीवाला, नंबर ओळखणारा मी. पण घाईत मागणी लिहिताना मी बोलीभाषेतले नाव लिहिले. पुढच्या खेपेला दुसऱ्या कोणीतरी ‘२२२२०’ इतकेच लिहिले, ते सरळ भोकाचे आले आणि वेगळ्या नावाने वेगळ्या रॅकला गेले. मामांनी दोन्ही सामान नीट सांभाळले होते. चूक त्यांच्या रॅकमध्ये नव्हती, माझ्या कागदात होती. खोकी सापडली तेव्हा मी हे साहेबांना जाऊन सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. हंगाम संपला होता, विषय मिटला होता, आणि मला बढतीची आशा होती. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले.

ते गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. स्टोअरमधले निम्मे ज्ञान वहीत नव्हते, ते मामांच्या डोक्यात होते. कोणत्या खोक्यात काय, कोणता पट्टा कोणत्या मशिनला थोडा घासून बसतो, कोणता दुकानदार रविवारी घरून सामान देतो. मराठी, कन्नड, दखनी तिन्ही बोलीत भागांची तीन-तीन नावे त्यांना पाठ. नव्या मुलाला ती वही मिळाली, मामा मिळाले नाहीत. पुढचा हंगाम आम्ही कसा काढला ते आमचे आम्हाला ठाऊक.

काही वर्षांनी गाणगापूरला दर्शनाला गेलो असता मामा भेटले. मी त्यांना त्या दोन खोक्यांची गोष्ट सांगितली आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘मला माहीत होते साहेब. मोजणीच्या वहीत बघितले होते मी.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आता नंबर नीट लिहिता ना?’ एवढेच. त्या दिवसापासून मी एकाही मागणीपत्रावर पूर्ण नंबर वाचल्याशिवाय सही केलेली नाही.

मित्रहो, आपल्या समाजातली एक पिढी आता निवृत्त होते आहे. फिटर, स्टोअरकीपर, फोरमन, दालमिलचे मिस्त्री. त्यांची मुले पुण्याला, हैदराबादला, परदेशी गेली, चांगलेच झाले. पण ही मंडळी घरी बसण्याआधी त्यांच्याजवळ एक वही आणि एक मुलगा बसवा. ‘मामा, हा भाग कशाचा? नंबर काय? नसला तर काय लावता?’ असे विचारून लिहून घ्या. कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा. नंबर सगळ्यांचा एकच असतो.

शेवटी एक विनंती. सुमारे महिन्याभराने खंडेनवमी येईल. आपण मशिनला हार घालू, नारळ फोडू. त्या दिवशी यंत्रे तशीही बंद असतात. पूजा झाली की दोन तास स्टोअरमध्ये बसा. पहिल्या प्रकारातले, म्हणजे ज्यांच्याविना सगळे थांबते असे वीस भाग निवडा, खोकी उघडून नंबर वाचा, वहीशी ताडून पाहा. त्यानंतर उसाचा हंगाम येईल, मग तूर येईल. रात्री दोन वाजता रांगेत उभा असलेला गाडीवान तुम्हाला कधी ओळखणार नाही. पण त्याचा ऊस वेळेवर गव्हाणीत पडेल.

 गणपती बाप्पा मोरया!